वनराई, इंग्लंडमधील

इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतांच्या मधोमध किंवा गावाच्या कडेला असणारा झाडीचा छोटा तुकडा. आकार दोन-चार एकरांपासून शे-दोनशे एकरांपर्यंत. इंग्रजीत त्याला ‘वुड’ म्हणतात. ‘फॉरेस्ट’ वेगळे. मध्ययुगात फॉरेस्ट म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेला, निराळ्या कायद्याखालचा मुलूख. तिथे झाडे असलीच पाहिजेत असे नव्हते. डार्टमूर फॉरेस्ट नावाच्या मुलखात आजही बहुतेक ठिकाणी गवत आणि खडकच दिसतात. मराठीत ‘वुड’साठी जंगल हा शब्द मोठा पडतो, आमराई, देवराई यांतली ‘राई’ बरोबर बसते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. देवराई टिकली ती तिला कुऱ्हाड लावायची नाही या दंडकामुळे. इंग्लंडमधली जुनी राई पिढ्यान्‌पिढ्या पाळीपाळीने तोडली गेली, आणि त्या लाकडाला किंमत होती म्हणूनच ती नांगराखाली गेली नाही.

1600 सालापासून आजवर सलग झाडीखाली असलेल्या जागेला इंग्लंड व वेल्समध्ये ‘प्राचीन राई’ म्हणतात (स्कॉटलंडमध्ये ही मर्यादा 1750 आहे). सोळाशेच का, तर त्याआधी मुद्दाम राई लावण्याचा प्रघात फारसा नव्हता आणि उपयोगी पडतील असे नकाशेही साधारण तेव्हापासून मिळू लागतात. त्या वेळी उभी असलेली झाडी बहुधा आपोआप वाढलेली, असा त्यामागचा हिशेब. ब्रिटनच्या जमिनीपैकी जेमतेम अडीच टक्के जागा अशा राईखाली आहे. कारखानदारीने इंग्लंडची जंगले खाल्ली, ही समजूत अर्धवट खरी आहे. 1086 च्या डूम्सडे पाहणीवरून (राजाने करवलेली जमीन-मालमत्तेची मोजदाद) काढलेल्या अंदाजाप्रमाणे तेव्हाच देशाचा फक्त 15 टक्के भाग झाडीखाली उरला होता. म्हणजे जंगल त्याच्याही कितीतरी आधी सरले होते. मागे राहिल्या त्या राया.

तोड आणि फुटवा

हेझल, ॲश, फील्ड मेपल ही झाडे जमिनीलगत तोडली तरी मरत नाहीत. उसाचा खोडवा फुटावा तसे बुंध्यातून धुमारे येतात, आणि सात ते दहा वर्षांत हेझलच्या लांबसडक, सरळ काठ्या पुन्हा तोडणीला येतात. याला कॉपिसिंग म्हणतात. राईचे कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, पाडायचे, दर हिवाळ्यात एक कूप तोडायचा. शेवटचा तोडून होईपर्यंत पहिला तयार. मधूनमधून ओकची झाडे मात्र तुळया-वाशांसाठी उंच वाढू द्यायची. काठ्यांपासून मेंढ्या कोंडायच्या ताट्या, गवती छपराच्या खुंट्या, दाताळ्यांचे दांडे होत. उरलेल्याच्या मोळ्या चुलीत आणि भट्टीत जात. जुन्या इंग्रजी घरांच्या लाकडी चौकटींमधल्या भिंतीही याच काठ्या विणून, वर माती, शेण आणि गवताचा गिलावा देऊन केलेल्या असत. कोकणातला कूड ज्याने पाहिला आहे त्याला त्यात नवे काही वाटायचे नाही.

वारंवार तोडलेले झाड लवकर मरेल असे वाटते, पण घडते उलटे. वाऱ्याने पडायला उंची नाही आणि फुटवा दरवेळी कोवळा, त्यामुळे बुंधा रुंदावत जातो आणि एकट्या वाढलेल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त जगतो. सफकमधील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये एक ॲशचा बुंधा पाच मीटरहून अधिक रुंद असून त्याचे वय हजार वर्षांच्या घरात मानतात. ही राई बरी सेंट एडमंड्सच्या मठाची होती. तिथल्या तोडीच्या नोंदी 1252 पासून मिळतात.

हेली वुड

केंब्रिजशरमधील सुमारे 50 हेक्टरांची ही राई इंग्लंडमधल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या रायांपैकी एक. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकम यांनी तिच्यावर 1975 मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ईलीच्या बिशपसाठी 1251 मध्ये झालेल्या मोजणीत ‘हेली नावाची, चार विसा एकरांची राई’ अशी तिची नोंद आहे. पाहायला जाणाऱ्याने मात्र देखाव्याच्या अपेक्षेने जाऊ नये. सपाट शेते, पाण्याच्या एका टाकीसमोरून कुंपणाच्या झुडपांच्या कडेने जाणारी पायवाट, आणि तिच्या टोकाला झाडांची एक काळसर भिंत, एवढेच समोर येते.

खरी गंमत आत पाऊल टाकण्याआधी, पायाखाली असते. राईच्या हद्दीवर एक बसका बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला खंदक आहे. खंदक बाहेर, बांध आत: गुरे आत येऊन कोवळा फुटवा खाऊ नयेत म्हणून केलेली ही मध्ययुगीन तजवीज. पुढच्या काळात लावलेल्या झाडीची हद्द बहुधा पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, जुनीची बांधाबरोबर वेडीवाकडी वळते. आत शिरल्यावर एकाच मुळावर वर्तुळात उभी असलेली पाच-सहा खोडे दिसली, तर ती पाच-सहा झाडे नव्हेत. तो एकच जुना बुंधा.

इथली माती हिमनदीने आणून टाकलेली चिकण. वसंतात ती पाणी धरून ठेवते आणि बूट घोट्यापर्यंत रुततात. याच ओलीत ऑक्सलिप फुलते: एका दांड्यावर एकाच बाजूला झुकलेली फिकट पिवळ्या फुलांची झुंबरे. इंग्लंडमध्ये हे फूल मुख्यतः केंब्रिजशर, सफक आणि एसेक्स जिथे एकमेकांना भिडतात तेवढ्याच टापूत सापडते. हरणांना ते फार आवडते हे त्याचे दुर्दैव. आता राईत हरणांसाठी कुंपणे घालावी लागतात. खंदकाचे काम जाळी करते.

या हरणांतला एक जण मराठी वाचकाच्या ओळखीचा निघेल. सह्याद्रीतल्या भेकराचा चिनी भाऊबंद, रीव्ह्‌ज मुंटजॅक, बेडफर्डशरमधील वोबर्नच्या खासगी बागेतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर पडला आणि दक्षिण इंग्लंडभर पसरला. संध्याकाळी राईतून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज येतो तो बरेचदा त्याचाच.

भेट

इंग्लंडमध्ये कोणत्याही राईत शिरण्याचा सरसकट हक्क नाही. 2000 च्या कायद्याने डोंगर, माळ आणि नोंदलेली सामाईक राने पायी फिरणाऱ्यांना खुली झाली, राया त्यात आपोआप आल्या नाहीत. मालकाने परवानगी दिलेली असावी किंवा सार्वजनिक पायवाट तरी आतून जात असावी. अशी वाट ऑर्डनन्स सर्व्हेच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर हिरव्या तुटक रेषेने दाखवतात, आणि जागेवर पिवळा बाण असतो. निळा बाण असेल तर घोडेस्वारांनाही मुभा. कितीतरी राया वुडलँड ट्रस्टने (स्थापना 1972) आणि त्या त्या काउंटीच्या वन्यजीव संस्थांनी विकत घेतल्या आहेत. हेली वुड अशा संस्थेकडे 1962 पासून आहे.

बहुतेक लोक एप्रिलचा शेवट आणि मेची सुरुवात गाठतात, ब्लूबेल या निळ्या रानफुलासाठी. जगातल्या या जातीच्या ब्लूबेलपैकी जवळपास निम्मी ब्रिटनमध्ये आहेत असे मानतात. ओकची पाने दाट होऊन उजेड अडण्याच्या आत त्यांना फुलणे उरकायचे असते, म्हणून ही घाई. लांबून ती निळ्या धुरासारखी दिसतात. जवळ जाऊन एक दांडी पाहावी: फुले एकाच बाजूला कललेली, टोक खाली वाकलेले, परागकोश पांढरटसर आणि मंद गोड वास. दांडी ताठ, फुले चहूबाजूंनी आणि वास नाही असे असेल, तर ते बागेतून निसटलेले स्पॅनिश ब्लूबेल. पाने तुडवली गेली की कंदाला अन्न पोचत नाही, आणि त्या जागी फुले परतायला वर्षे जातात. फोटोसाठी वाट सोडून चार पावले आत जाणाऱ्यांनी हे नुकसान बरेच केले आहे. मालकाच्या संमतीविना रानफुलाचे झाड मुळासकट उपटणे 1981 पासून गुन्हा आहे.

उन्हाळ्यात राई गच्च, अंधारी आणि खरे तर कंटाळवाणी होते. तेव्हा जाणाऱ्याने घरी आल्यावर पायांवर गोचीड शोधावेत. त्यांच्या चाव्याने लाइम रोग होऊ शकतो. 2012 पासून धोक्यांत एक नवी भरही पडली आहे. ॲशला लागणारा बुरशीजन्य मर रोग त्या वर्षी ब्रिटनमध्ये आढळला, आणि आता वाळलेली झाडे अंगावर पडू नयेत म्हणून अनेक ठिकाणी वाटांच्या कडेची झाडे तोडतात.

हिवाळी भेटीची शिफारस कोणी करत नाही, पण तोड पाहायची तर तीच वेळ. ताजा तोडलेला कूप पाहून नवख्याचा जीव हळहळतो: उघडी जमीन, पांढरे खुंट, काठ्यांचे ढीग. राखणदार संस्थांना तिथे खुलाशाच्या पाट्या लावाव्या लागतात. त्याच कुपात दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात प्रिमरोज आणि ऑक्सलिप राईत इतरत्र कुठेही नसतील इतकी फुलतात, आणि पाच-सात वर्षांनी झुडपे दाट झाली की नाइटिंगेल घरट्यासाठी असाच कूप निवडतो.