सीमेचा निधी: गावाचा वेगळा, पोलिसांचा वेगळा

डिसेंबर 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये घाला’ म्हटलं. तेव्हापासून नाशिकमध्ये एक युक्तिवाद ऐकून कान किटलेत: ‘गडचिरोली सीमेवर आहे म्हणून तिला केंद्राचा सुरक्षा निधी मिळतो. सुरगाणा-पेठही सीमेवरच, मग आपल्याला का नाही?’ यात दोन योजनांची खिचडी झाली आहे आणि सुरगाण्याला दोन्ही लागू नाहीत.

पहिली बहुतेकांना माहीत आहे. सीमावर्ती क्षेत्र विकास कार्यक्रम, 1986-87 पासूनचा. आंतरराष्ट्रीय भू-सीमेवरच्या पहिल्या वस्तीपासून 10 किलोमीटरच्या आतल्या गावांना रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना. त्याच वाटेने 2023 मध्ये ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ आली, आधी चीनलगतच्या गावांसाठी आणि 2025 च्या दुसऱ्या टप्प्यात इतर भू-सीमांसाठी. महाराष्ट्राला परदेशाशी लागलेली भू-सीमाच नाही. विषय संपला.

घोळ होतो तो दुसरीत. सुरक्षाविषयक खर्च योजना, सरकारी बोलीत ‘एसआरई’. दोन्ही योजना केंद्रीय गृह मंत्रालयाच्याच, म्हणून लोक त्यांना एकाच माळेत ओवतात. पण विकास कार्यक्रमात आधी काम मंजूर होतं आणि शेवटी गावात काहीतरी उभं राहतं. एसआरईमध्ये राज्याने आधी आपल्या तिजोरीतून खर्च करायचा आणि मग केंद्राकडून त्याची भरपाई घ्यायची. खर्च कसला? पोलिसांचं प्रशिक्षण, मोहिमांच्या गरजा, मारल्या गेलेल्या नागरिकांच्या आणि जवानांच्या कुटुंबांना सानुग्रह मदत, शरण आलेल्या नक्षलवाद्यांचं पुनर्वसन. ग्रामपंचायतीने ठराव करून मागायची ही योजनाच नव्हे. तरी ‘सरपंचांनी तो निधी आणून दाखवावा’ असं छातीठोक सांगणारे भेटतातच.

आणि गडचिरोलीला हा पैसा छत्तीसगड-तेलंगणाच्या सीमेमुळे नाही, नक्षलवादामुळे मिळतो. पुरावा हवा असेल तर एसआरईतल्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांची यादी पाहा: 126 जिल्ह्यांची ती 2018 मध्ये 90 वर आली, 2021 मध्ये 70 वर. राज्यांच्या सीमा होत्या तिथेच राहिल्या. हिंसाचार ओसरला तसे जिल्हे गळत गेले. जम्मू-काश्मीर आणि ईशान्येतही सुरक्षेच्या खर्चाची भरपाई मिळते आणि तिथे आंतरराष्ट्रीय सीमाही आहे, म्हणून गैरसमज आणखी घट्ट होतो. पैसा मात्र तिथेही अंतर्गत सुरक्षेवरच्या खर्चापोटीच मिळतो.

गुजरातच्या हद्दीवरचा आपला पोलीस बंदोबस्त राज्याच्या गृह विभागाच्या नेहमीच्या तरतुदीतून चालतो. वेगळा ‘सीमा निधी’ नावाचा डबा तिथे नाही. ‘सीमाभाग’ म्हणून दिल्लीला निवेदनं धाडणारे पुढारी मला मनापासून खटकतात. पोच मिळते, फोटो छापून येतो, रस्ता तसाच. सुरगाण्याच्या रस्त्या-पाण्याची मागणी जिल्हा नियोजन समितीकडे आणि आदिवासी उपयोजनेतून लावून धरायला हवी. सुरगाण्यासाठीचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय कळवणला आहे, पेठसाठीचं नाशिकला.