मधपेट्यांचे कुंपण

हत्तींना शेतात शिरू न देण्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या तारेने एकमेकींना जोडून घातलेले कुंपण. केन्यातील त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या सगल्ला भागात ही पद्धत सर्वांत बारकाईने तपासली गेली. तिथला शेतकरी मका, मूग, चवळी पिकवतो. हत्तींचा कळप एका रात्रीत हंगाम संपवतो.

हत्तीची कातडी जाड असली, तरी डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत डंख त्याला सोसवत नाही. २००७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ लूसी किंग आणि सहकाऱ्यांनी चिडलेल्या माश्यांचा नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तरी बहुतेक कळप पळाले. कुंपणाची कल्पना त्यातून पुढे आली.

दर १० मीटरवर दोन खांबांच्या मध्ये एक पेटी तारेला टांगतात. एक एकराचा घेर साधारण २५५ मीटर भरतो, म्हणजे पंचविसेक जागा. त्यांतल्या निम्म्या जागी खरी पेटी आणि एकाआड एक पिवळ्या रंगाची प्लायवूडची नकली पेटी लावतात; खर्च तेवढा वाचतो. पेटी छातीच्या उंचीवर असते. एका पेटीची तार पुढच्या पेटीला जोडलेली असल्यामुळे हत्तीने मधली तार रेटली की दोन्हीकडच्या पेट्या हेलकावतात आणि माश्या बाहेर पडतात. म्हणून पेटी खांबाला घट्ट ठोकणे ही मोठीच चूक: ती हललीच नाही, तर कुंपणात उरते फक्त तार. एखादी बाजू उघडी ठेवणेही तसेच. हत्ती कुंपणाच्या कडेकडेने चालत फट शोधतो.

बाकी सगळी मेहनत देखभालीची. वाळवी लाकडी खांब पोखरते. मुंग्या तारेवरून पेटीत शिरतात, त्यासाठी तारेला ग्रीस लावतात. उन्हात पेटी तापली की माश्या निघून जातात, म्हणून वर छप्पर आणि जवळ पाणी हवे. मधाच्या हावेपोटी पेटी फोडणारा हनी बॅजर हा प्राणी वेगळाच. मध काढताना काही पोळी माश्यांसाठी ठेवावीच लागतात. सगळी काढली, तर कोरड्या महिन्यांत पेटी रिकामी होते.

सगल्लातील २६ शेतांवर नऊ वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. चांगल्या पावसाच्या मुख्य हंगामांत कुंपणाजवळ आलेल्या हत्तींपैकी सुमारे ८६ टक्के माघारी फिरले. मात्र २०१७ च्या दुष्काळानंतर बहुतेक पेट्या ओस पडल्या आणि मधाचे उत्पन्न पुढची काही वर्षे सावरले नाही. रिकामी पेटी हत्तीला फार काळ फसवत नाही. मध 'हत्ती-स्नेही' नावाने विकला जातो. ही जोडकमाई आहे, पिकाची भरपाई नव्हे.

भारतात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात असाच प्रयोग सुरू केला. आपली सातेरी माशी आफ्रिकी माशीइतकी चिडकी नाही, त्यामुळे सगल्लाचे आकडे कोडगूला किंवा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला जसेच्या तसे लावता येत नाहीत.