लघवी धरल्याने थंडी वाजते का?

पुण्याच्या ट्रेकर मंडळींत फिरणारा समज: रात्री लघवी धरली, तर ती गरम ठेवण्यात अंगातली ऊब खर्च होते.

तसं नाही. मूत्राशयातली लघवी आधीच 37 अंशांच्या आसपास असते. ऊब जाते ती त्वचेवाटे आणि श्वासावाटे. पडताळा सोपा. अर्धा लिटर आणि एक लिटरच्या बाटल्यांत सारखंच गरम पाणी भरा, तासाभराने थर्मामीटरने मोजा. मोठी बाटली जास्त गरम निघते. म्हणजे आत जास्त गरम पाणी असलं म्हणून ऊब लवकर जात नाही.

उलट, थंडीनेच लघवी वाढते: कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं, मूत्रपिंडं जादा पाणी काढतात.

तरी धरू नका, झोप मोडते. हॅमॉकमध्ये (झाडांना बांधलेल्या झोळीत) झोपत असाल, तर त्यात आडवं बसून, पाय जमिनीला टेकवून रुंद तोंडाची लिटरभर बाटली वापरा. पडल्यापडल्या सांडलं की अंडरक्विल्ट (झोळीखाली बांधलेली रजई) भिजते, आणि मग मात्र खरंच गारठायला होतं.