कारवानी कुत्रा

दख्खनच्या पठारावरील शिकारी कुत्र्याची जात. महाराष्ट्रात लातूर, सोलापूर, सांगली या भागांत व कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या परिसरात आढळते. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ अशी करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ अशी. कान, पाय व शेपटीवर रेशमी झालर असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. काही जाणकार ती स्वतंत्र जात मानतात.

उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर सलुकी व ताझी कुत्रे दख्खनेत उतरले आणि त्यांच्यापासून ही जात निर्माण झाली, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. पश्मीची झालर त्यास दुजोरा देते. तथापि नजरेवर शिकार करणाऱ्या सर्वच जातींची ठेवण मिळतीजुळती असते. केवळ बांध्यावरून वंश ठरविणे धोक्याचे आहे. बाहेरच्या कुत्र्यांचा स्थानिक कुत्र्यांशी संकर झाला व पुढे पशुपालक आणि शिकारी जमातींच्या निवडीतून ही जात स्थिरावली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी तिच्या पैदाशीस आश्रय दिला. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिल्याचे सांगतात. काही ठिकाणी या भेटीचे साल १९३७ दिलेले आढळते. परंतु पाचवे जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच निवर्तले, तेव्हा भेट त्यापूर्वीची धरावी लागते.

नराची उंची खांद्याशी सुमारे ७० सेंमी. असते, मादी किंचित बुटकी. डोके लांबट व चिंचोळे, कान लोंबते, छाती खोल, पोट आत ओढलेले. माळावर ससा उठला की वासाच्या मागे न लागता हा कुत्रा डोळ्यांनी हेरून त्याला गाठतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर अशी शिकार बेकायदेशीर ठरली. आता मुख्य उपयोग राखणीचा. २००५ मध्ये डाक विभागाने या जातीवर तिकीट काढले.

निगा राखताना शरीररचनेचे भान हवे. निरोगी कारवानीच्याही शेवटच्या बरगड्या दिसतात. त्याला हाडकुळा समजून चारून जाड करू नये. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी हा गावाकडचा नेहमीचा आहार, पण अंडी किंवा मांसाची जोड आवश्यक. अंगावर चरबी नसल्याने उघड्या फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडतात. खाली जाड गोणपाट तरी अंथरावे. कातडी पातळ असल्याने काटेरी तारेने ती सहज फाटते. रोज मोकळ्या, पण कुंपण असलेल्या जागी पळू द्यावे. कोंबडी किंवा शेळी पळताना दिसली की हाकेला दाद देत नाही. परक्याने अंगाला हात लावलेला या जातीला खपत नाही, म्हणून पिल्लाला लहानपणापासून माणसांची सवय लावावी. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यास जात आवर्जून सांगावी: अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांवर थायोपेंटोनसारख्या भूल देणाऱ्या औषधांचा अंमल दीर्घकाळ टिकतो व तो जिवावरही बेतू शकतो.