फ्युएल सेल: विमानातून ड्रॅग स्ट्रिपवर

ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ छोट्या पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतीसाठी, गाडी तयार करताना मूळची पेट्रोलची टाकी उतरवून डिकीत फ्युएल सेल बसवतात. हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल वेगळा. हा टाकीचाच प्रकार: बाहेर मजबूत डबा, आत रबरी पिशवी, पिशवीत स्पंज.

याचं मूळ लढाऊ विमानांत आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या टाक्यांना रबराचे थर देत. त्यातल्या कच्च्या रबराला पेट्रोल लागलं की ते फुगायचं आणि गोळीचं भोक बुजायचं. युद्धानंतर अमेरिकेत ड्रॅग रेसिंग वाढलं तेही बऱ्याच अंशी ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर. पण टाकीतलं हे शहाणपण गाड्यांपर्यंत यायला फार उशीर झाला. ड्रॅगस्टरच्या, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या लांबट गाडीच्या, नाकावर दिसायची ती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या डीन मून यांची गोल, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची टाकी. देखणी आणि हलकी, पण आत पिशवी नाही.

मग १९६४ चा मे महिना आला. २४ तारखेला अमेरिकेतल्या शार्लटमध्ये शर्यतीचे चालक फायरबॉल रॉबर्ट्स यांची गाडी उलटून पेटली. जुलैमध्ये ते गेले. त्याच मेच्या ३० तारखेला इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत चालक डेव्ह मॅकडॉनल्ड आणि एडी सॅक्स आगीत गेले. मॅकडॉनल्ड यांची गाडी बांधणारे मिकी थॉम्पसन हे मूळचे ड्रॅग रेसिंगचेच. लॉंग बीचजवळची लायन्स ड्रॅग स्ट्रिप सुरुवातीला त्यांनीच चालवली होती. त्या महिन्यानंतर टाकीकडे दुर्लक्ष करणं कुणालाच शक्य नव्हतं. फायरस्टोनने शर्यतीसाठी रबरी पिशवीची टाकी आणली, १९७० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये अशी टाकी सक्तीची झाली आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या एसएफआय या शर्यतीच्या साहित्याचं काम बघणाऱ्या अमेरिकी संस्थेने पुढे फ्युएल सेलसाठीही मानकं ठरवली.

बसवण्याचे नियम वाचताना हे सगळं डोळ्यांसमोर असावं. डिकीच्या नुसत्या पत्र्याला पट्ट्यांनी आवळलेला सेल धडकेत पत्र्यासकट उखडतो, म्हणून चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, जोडलेली चौकट हवी. चालक आणि टाकी यांच्यामध्ये धातूची अखंड भिंत हवी. वायर नेण्यासाठी पाडलेलं आणि तसंच उघडं राहिलेलं एक भोकही ज्वाळेला पुरतं. टाकीच्या हवेची नळी गाडीबाहेर काढायची आणि तिला रोलओव्हर व्हॉल्व्ह लावायचा. गाडी उलटली की व्हॉल्व्हमधली गोटी सरकते आणि तोंड बंद होतं. फ्लायव्हीलजवळून, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड फिरत्या चाकाजवळून, जाणारी इंधनाची नळी जाड पोलादी नळीत घालतात. १९७० मध्ये त्याच लायन्सवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचं ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा भाग) फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. फिरता भाग असा फुटतो तिथे साधी रबरी नळी कशी टिकणार?

स्पंजाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. गाडी सुटताना इंधन मागे आदळू नये आणि आग लागलीच तर ज्वाळा आत पसरू नये, यासाठी तो असतो. जुना झाला की चिमटीत भुगा होतो आणि तोच भुगा फिल्टरमध्ये अडकतो. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या मानकाच्या पिशवीला पाच वर्षांची मुदत असते आणि ती उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. सेकंडहँड सेल घेताना आधी ती तारीख बघावी, मग किंमत विचारावी.