सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये डी-ऑर्बिटल नसतातच कामाला

सल्फरला सहा फ्लोरिन जोडलेत, म्हणजे त्याने ३डी ऑर्बिटल (ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे सापडतो तो भाग) वापरून एसपी३डी२ संकरण केलं, म्हणजे एक एस, तीन पी आणि दोन डी ऑर्बिटल मिसळून सहा सारखी बनवली, असं अकरावीपासून घोकून घेतलं जातं. हे चूक आहे. सल्फरची ३डी ऑर्बिटल ऊर्जेने फार वर असतात. बंधातला त्यांचा वाटा किरकोळ निघतो. अष्टफलकी आकार (मध्ये सल्फर, भोवती सहा दिशांना सहा फ्लोरिन) मात्र शंभर टक्के खरा, आणि तो लक्षात ठेवायची खूण एवढीच त्या एसपी३डी२ ची लायकी.

मग बंध कसे? सहा बंधांच्या १२ इलेक्ट्रॉनांपैकी ८ चार बंधकारक ऑर्बिटलांत बसतात. ती सल्फरच्या एक एस आणि तीन पी ऑर्बिटलांतून बनतात आणि अख्ख्या रेणूभर पसरतात. उरलेले ४ जवळजवळ फ्लोरिनवरच राहतात. इलेक्ट्रॉन ओढण्यात फ्लोरिन पटाईत, म्हणून हे निभतं. हायड्रोजनला ते झेपत नाही. म्हणून सहा हायड्रोजनचं एसएच६ कुठल्याच बाटलीत मिळत नाही.