एम-पेसा म्हणजे इंटरनेट नव्हे

आफ्रिकेत इंटरनेटमुळे काय बदललं, असं विचारलं की केनियाच्या एम-पेसाचं, म्हणजे फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचं, नाव हमखास पुढे येतं. पण एम-पेसा इंटरनेटवर उभं राहिलेलंच नाही. केनियातली मोबाइल कंपनी सफारीकॉमने मार्च 2007 मध्ये ही सेवा सुरू केली, तेव्हा केनियाच्या किनाऱ्याला समुद्राखालची एकही फायबर केबल पोहोचलेली नव्हती. सीकॉम आणि टीम्स या केबल आल्या 2009 मध्ये. म्हणजे बदल दोन आहेत, आणि ते वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला आहे मोबाइल मनी. साधा बटणांचा फोन, सिमकार्डातच बसवलेला मेनू, आणि व्यवहार एसएमएसच्या वाटेने. आजही *334# डायल केलं की डेटा पॅक नसताना काम होतं. गावच्या टपरीवर हिरव्या पाटीखाली एजंट बसलेला असतो. ओळखपत्र दाखवून त्याच्या हातात रोकड द्यायची. त्याच्या फोनमधली शिल्लक तेवढी कमी होते, आपली वाढते, आणि दोघांच्या फोनवर एसएमएस वाजतो. तो वाचल्याशिवाय गिऱ्हाईक जागचं हलत नाही. एजंटची खरी कसरत वेगळीच असते. गल्ल्यात रोकड आणि फोनमध्ये शिल्लक, दोन्ही पुरेशा हव्यात. एक संपली की धंदा थांबतो.

नैरोबीत राबणाऱ्या माणसाचे पैसे पूर्वी बस ड्रायव्हरच्या हाती नाहीतर गावी निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर जायचे. ते आता त्याच मिनिटाला आईच्या फोनवर पोहोचू लागले. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अंदाज मांडला, की मोबाइल मनीमुळे केनियातली सुमारे 1,94,000 कुटुंबं, म्हणजे 2 टक्के, दारिद्र्यातून वर आली. जवळपास 1,85,000 स्त्रिया शेतीऐवजी छोटा व्यवसाय हा मुख्य उद्योग करू लागल्या. मला हे आकडे फार मोलाचे वाटतात, कारण यातल्या कुणालाही स्मार्टफोनची गरज पडली नाही.

दुसरा बदल म्हणजे खुद्द इंटरनेट. पहिल्याने पैसा हलवला, याने माहिती आणि आवाज हलवला. भाजी विकणारी 'मामा म्बोगा' व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेऊ लागली. जून 2024 मध्ये केनियाच्या तरुणांनी करवाढीचं वित्त विधेयक टिकटॉकवर आणि एक्सवर कलमवार समजावून सांगितलं, आणि लोक रस्त्यावर उतरले. 25 जूनला आंदोलक संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करणार नसल्याचं जाहीर केलं. एवढी मोठी गोष्ट एसएमएसच्या मेनूतून घडली नसती.

दोन्हींतला फरक युगांडाच्या सरकारने तर कायद्यातच करून दाखवला. जुलै 2018 मध्ये तिथे दोन वेगळे कर लागले: सोशल मीडिया वापरायला रोजचे 200 शिलिंग, आणि मोबाइल मनीच्या व्यवहारांवर 1 टक्का. पहिला कर लोकांनी आपला इंटरनेट वापर लपवणारं व्हीपीएन लावून चुकवला. दुसऱ्यातून अशी पळवाट नव्हती. ज्याच्याकडे साधा फोन आणि थोडेसे पैसे, तोच त्यात भरडला गेला. ओरड झाली, आणि काही महिन्यांतच तो निम्म्यावर, तोही फक्त पैसे काढण्यापुरता, आणावा लागला. सोशल मीडियाचा कर मात्र 2021 पर्यंत टिकला.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला, म्हणून आपली गल्लत होत असावी. व्होडाफोनने एम-पेसा 2013 मध्ये भारतातही आणलं होतं. ते रुजलं नाही आणि 2019 मध्ये बंद पडलं. दरम्यान 2016 मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि क्यूआर कोड भाजीच्या गाडीवर पोहोचला. आपल्या मनात फोनवरचे पैसे आणि इंटरनेट यांची जोडी पक्की बसली ती तिथून.

या गल्लतीचा तोटा धोरणात होतो. टॉवर उभारले की लोक आपोआप ऑनलाइन येतील, असं धरलं जातं. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीनुसार 2023 अखेर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मोबाइल इंटरनेट वापरणारे लोक होते सुमारे 27 टक्के. जवळपास 60 टक्के लोक रेंजमध्ये राहूनही ते वापरत नव्हते. हँडसेटची किंमत ही त्यातली मोठी अडचण. म्हणूनच मला केनियातल्या एम-कोपाचं काम महत्त्वाचं वाटतं. आधी सौर दिवे हप्त्याने देणारी ही कंपनी आता स्मार्टफोनही तसेच देते. रोजचा छोटा हप्ता एम-पेसावरून भरायचा. तो चुकला तर फोन लॉक होतो, भरला की पुन्हा उघडतो.